इंग्रजी शिकवायला कुठे जायचं? माझा निझव्यापर्यंतचा हिशेब

परदेशात इंग्रजी शिकवून पैसे साठवायचे असतील तर कुठे जावं, असं इंटरनेटवर शोधलं की कोरिया, चीन, दुबई अशी ठरलेली नावं येतात. कोरियात घर फुकट मिळतं, चीनमध्ये पगार जास्त, दुबईत कर नाही. हे लिहिणारे बहुतेक अमेरिकेचे, ब्रिटनचे, नाहीतर दक्षिण आफ्रिकेचे असतात. भारतीय पासपोर्ट घेऊन तोच प्रश्न विचारला की यादी अर्ध्यावर येते, आणि उरलेल्या अर्ध्यात हिशेब पार बदलतो. मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरहून ओमानमधल्या निझवा गावी आले आणि अजून इथेच शिकवते. निवड कशी केली, कुठे काय आकडे मिळाले, हे सविस्तर लिहिते आहे, कारण मला तेव्हा असं मराठीत लिहिलेलं काही सापडलं नव्हतं.

माझं शिक्षण बी.ए. इंग्रजी आणि बी.एड. दहावीपर्यंत मराठी माध्यम. एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवत होते, पगार १४,००० रुपये. वडील गेल्यावर घराच्या कर्जाचे साडेसात लाख राहिले होते आणि हप्ता जवळजवळ पगाराएवढाच होता. शिक्षणसेवकांचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झालं, पण ते पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, निवड झालेल्यांसाठी. भरती कधी निघेल आणि आपला नंबर कधी लागेल, याच्या भरवशावर बँक थांबत नाही.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या केरळच्या एक मॅडम आधी बरीच वर्षं आखातात होत्या. मी देशांची नावं घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिलंच वाक्य ऐकवलं, "मॅडम, पगार नंतर विचारा. आधी विचारा, भाडं कोण भरतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार मिळतो का." पुढचे सगळे आकडे मी या दोन प्रश्नांवर घासून बघितले. वहीत प्रत्येक देशासाठी दोन रकाने आखले. एकात महिनाअखेर घरी किती पाठवता येईल, आणि दुसऱ्यात पहिला पगार हातात पडेपर्यंत स्वतःचे किती घालावे लागतील. दुसरा रकाना लोक विसरतात. आमच्यासारख्या घरात तोच आधी येतो, कारण ते पैसे उसनेच आणायचे असतात.

कोरिया पहिल्याच दिवशी खोडला. तिथल्या खासगी क्लासेसमध्ये शिकवण्याचा व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक करारात शाळांमधल्या सहायक इंग्रजी शिक्षकांसाठी भारतीयांना वाट ठेवलेली आहे, त्यामुळे थोडी आशा वाटली होती. पण जाहिराती बघत गेले तर सगळीकडे त्या सात देशांचीच अट. चीनमध्येही ज्या देशाची भाषा इंग्रजी आहे तिथलाच शिक्षक हवा असतो, शिवाय २०२१ मध्ये सरकारने शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर कडक बंधनं आणल्यापासून क्लासेसचा धंदाच आटला होता. जपानचा नियम वेगळा आहे. तिथे पासपोर्टपेक्षा शिक्षणाचं माध्यम बघतात, इंग्रजी शिकवायचं तर किमान १२ वर्षं इंग्रजीतून शिकलेलं असावं लागतं. ज्यांचं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झालं आहे त्यांनी जपान जरूर बघावा. मला तो दरवाजा बंद होता.

थायलंडमध्ये दरवाजा उघडा आहे, आत पैसे नाहीत. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवले आणि शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी मिळाली की भारतीयांना शाळेत शिकवता येतं. मला मिळालेला आकडा होता २२,००० बात, म्हणजे तेव्हाचे साधारण ५२,००० रुपये, आणि भाडं आपलं आपण भरायचं. त्याच शाळेत गोऱ्या शिक्षकाला ३५,००० देत होते, हे मुलाखत घेणाऱ्या बाईंनीच सांगितलं. जेवणखाण, भाडं, व्हिसा वाढवण्याचे खर्च धरले तर हातात पंधरा-सोळा हजार रुपये उरत होते.

मालदीवबद्दल माझं मत चांगलं आहे. तिथे शाळांचं माध्यमच इंग्रजी आहे, भारतीय शिक्षकांना तिथे जुना मान आहे, आणि लहान बेटावर खर्च करायला जागा नाही. अडचण पैसे बाहेर काढण्याची आहे. पगार रुफियात होतो, अधिकृत भाव डॉलरला १५.४२ रुफिया, पण बँकेत त्या भावाने पुरेसे डॉलर मिळत नाहीत, बाहेर घ्यायचे तर बरेच जास्त मोजावे लागतात. कागदावर दिसणारी शिल्लक घरी पोचेपर्यंत कापली जाते. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला असलेल्या माणसाने असा धोका घेऊ नये.

व्हिएतनामने मात्र मला बराच काळ अडकवून ठेवलं, आणि त्याचा हिशेब मी इथे पूर्ण मांडते, कारण आपल्याकडच्या मुलामुलींना सगळ्यात जास्त जाहिराती सध्या तिथल्याच येतात.

हायफाँगच्या एका भाषाकेंद्राने महिन्याला ३ कोटी डोंग देऊ केले होते. रुपयाला साधारण २९० डोंग धरले तर एक लाखाच्या वर. घरात आम्ही सगळ्यांनी तो आकडा दोनदा वाचला. मग वजाबाकी सुरू केली. सामाजिक आणि आरोग्य विम्याचे साडेनऊ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावीस लाख डोंग. त्यानंतर आयकर. तेव्हाची १ कोटी १० लाखांची वैयक्तिक सूट वजा करून टप्प्याटप्प्याने लावला, तर आणखी सुमारे १७ लाख. उरले सुमारे २ कोटी ५५ लाख. त्यातून खोलीचं भाडं ६० लाख, वीज १० लाख, जेवण ६० लाख, भाड्याची मोटारसायकल आणि पेट्रोल १५ लाख, किरकोळ २० लाख. शेवटी ९० लाख डोंग, म्हणजे ३१,००० रुपये. विम्यातला निवृत्तिवेतनाचा भाग देश सोडताना एकरकमी मागता येतो, ही त्यातली जमेची बाजू.

पण ३ कोटी हा आकडा तासांवर होता. केंद्राने दिलेल्या कराराच्या मसुद्यात "ठरलेले तास मिळाल्यास" असा शब्दप्रयोग होता. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा केंद्रं बंद असतात आणि तासांवर काम करणाऱ्याला त्या दिवसांचे पैसे नाहीत. शिवाय दुसरा रकाना. अपोस्टिल म्हणजे असा एक सरकारी शिक्का, जो असला की कागदपत्रं वकिलातीत न नेता परदेशात चालतात. व्हिएतनाम तेव्हा त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात नव्हता, त्यामुळे पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि पोलीस क्लिअरन्स ही सगळी कागदपत्रं आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग त्यांच्या वकिलातीकडून साक्षांकित करायची, आणि तिथे गेल्यावर भाषांतर करून पुन्हा नोटरी. विमानाचं तिकीट माझं, खोलीची अनामत माझी. हे सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या घरात जात होतं. इतके पैसे आधी घालून महिन्याला ३१,००० उरणार, म्हणजे पहिले सहा महिने फक्त घातलेले पैसे परत मिळवायचे.

याच दरम्यान पुण्यातल्या एका एजंटने व्हिएतनामची नोकरी "पक्की" करून देण्याचे दीड लाख मागितले. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि नोंदणी खरी आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. नोंदणी क्रमांक विचारल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. हा नियम प्रत्येकाने पाठ करून ठेवावा असं मला फार मनापासून वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे याच वाटेने पैसे गेले आहेत.

आखाताकडे मी शेवटी वळले. शारजातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेने ३,५०० दिरहम सांगितले, तेव्हाचे ७८,००० रुपये. राहण्याची सोय नाही. शारजा-दुबईत एकट्या बाईने स्वतंत्र खोली घ्यायची म्हटलं तर अर्धा पगार गेला, आणि फ्लॅट घ्यायचा तर वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. बरेच शिक्षक बेडस्पेस घेतात, म्हणजे एका खोलीत चार-सहा जणींमधली एक खाट. मी खाटेवर राहायला तयार होते, पण वह्या तपासायला टेबल कुठे मांडायचं हा प्रश्न मला खरोखर पडला. शिक्षकाचं अर्धं काम घरी चालतं.

ओमानमधल्या निझव्याची शाळा त्याच केरळच्या मॅडमच्या जुन्या मैत्रिणीकडून कळली. ही खासगी द्विभाषिक शाळा आहे, मुलं सगळी ओमानी, अरबी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमं. पगार ३२० रियाल. रियाल तेव्हा २१५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ६९,००० रुपये. सगळ्या प्रस्तावांत हा वरून तिसरा. पण शाळेचा फ्लॅट, वीजपाणी शाळेचं, शाळेची बस, वर्षातून एक परतीचं तिकीट, व्हिसा आणि ओळखपत्राचा खर्च त्यांचा. आयकर नाही. जेवणाला ४५ रियाल, फोन-इंटरनेटला १०, सुट्टीच्या दिवशी टॅक्सीला १०, किरकोळ ३० धरले. उरले २२५ रियाल. सुमारे ४८,००० रुपये. व्हिएतनामचा एक लाख आणि निझव्याचे एकोणसत्तर हजार शेजारी मांडले, तर हातात निझव्यात दीडपट उरत होते. दुसऱ्या रकान्यात फक्त कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या खेपा मिळून चाळीसेक हजार. शिवाय रियालचा भाव कित्येक वर्षं डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे २.६ डॉलर, त्यामुळे पाठवलेल्या पैशांचं मोल अचानक घसरण्याची भीती नाही.

मस्कतऐवजी गाव निवडलं, यावर नातेवाइकांनी बरंच ऐकवलं. निझवा मस्कतपासून सुमारे १६० किलोमीटर आत, डोंगरांच्या पायथ्याशी आहे. मॉल-हॉटेलं कमी, म्हणून पैसे टिकतात, हे मी मुद्दाम बघितलं होतं. आईची काळजी उन्हाची नव्हती. "आपल्याकडं काय कमी ऊन असतंय का?" एवढंच ती म्हणाली. तिला बाकीच्या बायका कोण आहेत ते हवं होतं. म्हणून मी शाळेकडे फ्लॅटमधल्या शिक्षिकांशी बोलायची परवानगी मागितली. दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची. त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर आईही बोलली. माझी सगळ्या मुलींना विनंती आहे, राहायची जागा आणि तिथली माणसं कॅमेऱ्यावर बघितल्याशिवाय हो म्हणू नका. चांगली शाळा याला नाही म्हणत नाही.

करारपत्र मी जितकं बारकाईने वाचलं तितकं आयुष्यात काहीच वाचलं नव्हतं. पहिल्या मसुद्यात मूळ वेतन १५० आणि भत्ते १७० असे होते. बेरीज तीच, त्यामुळे कुणालाही वाटेल काय फरक पडतो. ओमानच्या २०२३ च्या नव्या कामगार कायद्यानुसार नोकरी सोडताना वर्षाला एक महिन्याच्या मूळ वेतनाएवढी ग्रॅच्युइटी मिळते. मूळ वेतन कमी दाखवलं की ती रक्कम तिथेच कमी होते. मी २२० मूळ आणि १०० भत्ते मागितले, दोन आठवड्यांनी मान्य झाले. दुसरी गोष्ट सुट्टीची. मसुद्यात पगार "शैक्षणिक महिन्यांसाठी" होता, त्याऐवजी बारा महिने असं स्पष्ट लिहून घेतलं. दोन महिने बिनपगारी गेले असते तर सगळा हिशेब व्हिएतनामच्या जवळ उतरला असता. तिसरं, वाद झाला तर अरबी प्रत ग्राह्य धरतात. सोलापुरातल्या एका मदरशातल्या मौलानासाहेबांनी ती प्रत ओळीओळीने वाचून सांगितली आणि एक पैसा घेतला नाही.

कागदपत्रांचा क्रम असा लागला. विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. ओमान अपोस्टिल मानतो, त्यामुळे वकिलातीची पायरी वाचते. अमिरातीला ती पायरी लागते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. आखाती देशांसाठीची वैद्यकीय तपासणी नेमून दिलेल्या केंद्रातच करावी लागते, मी मुंबईत केली. पदवीवर आणि पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते सर्वांत आधी तपासा, कारण दुरुस्तीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

पैशांच्या बाबतीत निघण्याची तारीखही महत्त्वाची आहे. नोकरीसाठी देश सोडणारा त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी धरला जातो आणि परदेशातल्या पगारावर इथे कर लागत नाही. मी ऑगस्टमध्ये निघाले, त्यामुळे त्याच वर्षी या नियमात बसले. डिसेंबरमध्ये रुजू व्हायला सांगणारी शाळा असेल तर हे लक्षात ठेवा. निघाल्यावर साधं बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खाते, करून घेतलं आणि परदेशातली कमाई पाठवायला वेगळं एनआरई खाते उघडलं, त्यावरचं व्याज करमुक्त आहे. पीपीएफ आधीपासून होतं, ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

आता कामाबद्दल, कारण ज्या कामात जीव रमत नाही तिथे दोन वर्षं काढून पैसे साठत नाहीत, माणूस मध्येच परततो. माझ्याकडे पहिली आणि दुसरीचे वर्ग आहेत. अरबीत "प" हा ध्वनी नाही, त्यामुळे पेन्सिल "बेन्सिल" होते आणि पार्क "बार्क". कागदाची बारीक पट्टी ओठांसमोर धरायची. "प" नीट निघाला की पट्टी हलते, "ब" म्हटलं की जागेवर राहते. डोक्यावर भरतकामाची कुम्मा घातलेला एक मुलगा संपूर्ण मधली सुट्टी ती पट्टी घेऊन बसला होता. पट्टी फडफडली तशी तो वर्गभर धावत सुटला, आणि नंतर बाकीच्यांना शिकवायला लागला. अशा दिवशी मला सोलापूरच्या वर्गातल्याइतकंच भरून येतं. शाळा सकाळी सातला सुरू होते आणि दुपारी दीडला सुटते, आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. भाषाकेंद्रात हेच काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी करावं लागलं असतं.

दुपारनंतर शिकवण्या घेऊन जास्त कमवावं, असं इथे आलेल्या प्रत्येकीला सुचतं आणि पालकही विचारतात. ज्या मालकाच्या व्हिसावर आलो त्याच्याशिवाय दुसरीकडे काम करणं इथे बेकायदा आहे. पकडलं गेलं तर नोकरी जाते आणि देश सोडावा लागतो. मी ते पैसे वहीत कधीच धरले नाहीत. भारतातून येणाऱ्यांनीही धरू नयेत.

पैसे साठतात ते शुक्रवारच्या सवयींमुळे. सकाळी किल्ल्याजवळ बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे दोरीला धरून बकऱ्या गोल फिरवतात, घेणारे मधोमध आणि कडेने थांबून दात बघतात, भाव बोलतात. आम्ही चौघी तिथे जातो, मग बाजारातून खजूर आणि भाजी घेऊन घरी येतो, आणि आठवड्याचं जेवण आळीपाळीने करतो. माझ्या पाळीला पिठलं असतं आणि सोलापूरची शेंगाचटणी, जी आता केरळच्या दोघींना माझ्याहून जास्त लागते. चौघींचा स्वयंपाक एकत्र असल्याने ४५ रियालांचा अंदाज ३८ वर आला.

एकटेपण असतं. त्याला वहीत रकाना नाही. रमजानात शाळा लवकर सुटते, गाव दिवसभर शांत असतं, तेव्हा ते जास्त जाणवतं. पहिल्या वर्षी दिवाळीला सुट्टी नव्हती. संध्याकाळी फ्लॅटच्या गच्चीवर पणत्या लावल्या आणि आईला फोन लावला. ज्यांना महिन्यातून एकदा तरी घरी जावं लागतं, अशांनी कितीही शिल्लक दिसली तरी हा मार्ग घेऊ नये.

घराच्या कर्जाचा मोठा भाग फिटला आहे. आता मस्कतच्या एका शाळेने मला ४२० रियाल देऊ केले आहेत. २०२१ पासून इथे करार संपल्यावर नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची गरज उरली नाही, त्यामुळे अडचण कायद्याची नाही. मी वही काढली. खोली १३०, येण्याजाण्याला ३५, जेवण एकटीचं ६५, बाकी ५०, आणि तिकीट वर्षाआड. उरतात १४०. निझव्यात आज २३० उरतात. मी प्रिन्सिपल मॅडमना हे आकडे दाखवले आणि मूळ वेतनात २५ रियाल वाढ मागितली. त्या हो म्हणाल्या आहेत. नव्या कराराची अरबी प्रत पुढच्या आठवड्यात येईल, ती वाचून घेतली की सही करेन.